कणगीतली काळी टोपी

आमच्या ओंकारला, म्हणजे माझ्या नातवाला, जुन्या फेल्टच्या टोप्यांचं वेड लागलंय. कुठून कुठून मागवतो, खोक्यातून येतात, आणि आली की ती घालून आधी आरशासमोर उभा राहतो, मग माझ्यासमोर. ‘आज्जी, कशी दिसते?’ मी म्हणते, छान दिसते बाबा. या वयात खरं बोलायला दम लागतो आणि माझा दम मला जिन्यासाठी राखून ठेवावा लागतो. परवा त्यानं बैठकीत काचेचं कपाट करून घेतलं आणि मधल्या फळीवर एक लाल रुमी टोपी ठेवली, काळ्या गोंड्याची, कडेला कसरीनं खाल्लेली. येईल त्याला सांगतो, ‘राज्य बदललं त्या गडबडीत माझ्या पणजोबांनी आपली टोपी एका मुसलमान मित्राला दिली आणि त्याचा जीव वाचवला. ही त्या मित्राची.’ पाहुणे चहा पिता पिता वा वा करतात. मी तिथंच खुर्चीत बसलेली असते. आमच्या घरात ही गोष्ट लग्नाकार्यात, बारशा-डोहाळ्यात इतकी वर्षं चाललीय, आणि मी एकदाही ‘असं नव्हतं रे’ म्हटलं नाही. आता कंटाळा आला. खोट्याचाही माणसाला कंटाळा येतो. म्हणून बसलेय लिहायला.

माझे वडील, अप्पा, उस्मानाबादच्या तहसील कचेरीत पेशकार होते. निजामाचं राज्य. कचेरीत जायचं तर अंगात शेरवानी आणि डोक्यावर लाल रुमी टोपी, मग तुम्ही हिंदू असा नाहीतर मुसलमान. आम्ही लिंगायत, घरात तीनच माणसं, अप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी. पण अव्वा म्हणायची, ‘तिघं कसली, आपुन चौदा-पंधरा जणं हाओत,’ आणि फळीकडं बोट करायची. माजघरातल्या त्या लांब फळीवर अप्पांच्या फेल्टच्या साहेबी टोप्या ओळीनं बसलेल्या असायच्या. सगळ्या जुन्या, कुणाच्या तरी वापरलेल्या. एक तपकिरी होती ती मिशनच्या डॉक्टरची, एक हिरवट होती ती सोलापूरच्या जुन्या बाजारातली, आणि सगळ्यांत लाडकी राखाडी, ती छोट्या गाडीतून उतरलेला कुणी गोरा साहेब येडशीच्या स्टेशनात विसरून गेला होता. नवी टोपी अप्पांना चालायची नाही. ‘नव्यात काय हाय? कुणाचं डोकंच न्हाय तिच्यात,’ असं म्हणून ते जुन्या टोपीच्या आतली चामड्याची पट्टी उलटून बघायचे, घामाचा डाग शोधायचे, आणि तो साहेब कसा असेल, तापट असेल का बायकोला भीत असेल, ते आम्हाला सांगत बसायचे.

टोप्यांचा आकार बिघडू नये म्हणून त्या नुसत्या फळीवर ठेवायच्या नसतात. खाली काहीतरी गोल लागतं. त्यामुळं आमच्या घरातला प्रत्येक तांब्या पालथा होऊन एकेका टोपीखाली गेला होता. पाहुणा आला, पाणी द्यायचं म्हटलं की अव्वाची पळापळ. ‘अवो, कंच्या साहेबाला उठवू?’ असं ती आतून वरडायची. टोपीत कडुलिंबाचा पाला ठेवायचा, मळ धरला की गव्हाचा कोंडा चोळायचा, आणि चुरगळली की वाफ द्यायची. वाफ चुलीवर. अव्वानं हुलग्याचं माडगं ठेवलं की अप्पा टोपी घेऊन चुलीशी उकिडवे. झाकण बाजूला, टोपी वाफेवर, बोटांनी कड वळवत वळवत. ‘उतू चाललंय, सारा की ती!’ अव्वा कावायची. ‘एक मिनिट थांब, कड वळू लागलीय.’ असं ते मिनिट माडगं करपेपर्यंत चालायचं. आमच्या घरातल्या सगळ्या साहेबी टोप्यांना माडग्याचा वास होता. ओंकारच्या टोप्यांना कसलाच वास येत नाही, मी गुपचूप घेऊन बघितलाय.

जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेरीला सुट्टी. त्या दिवशी अंघोळ झाली की अप्पा फळीसमोर उभे राहून एक टोपी निवडायचे आणि दिवसभर घरात घालायचे. आडापासून गोठ्यापर्यंत चकरा मारायच्या, झोपाळ्यावर बसायचं, जेवतानासुद्धा टोपी. गावात घालायची छाती नव्हती, कचेरीतल्या माणसानं साहेबी टोपी घातली तर वर कागद जायचा. मग संध्याकाळी टोपी पिशवीत, मी बोटाशी, आणि आम्ही हातलाईच्या डोंगराकडं. घरं मागं पडली की पिशवीतून टोपी निघायची. जोंधळ्याच्या ताटांमधून धोतर आणि साहेबी टोपी घातलेले अप्पा चालायचे, पाखरं राखणारे गोफण थांबवून बघत राहायचे. त्यांच्याइतका खूश माणूस मी त्या गावात दुसरा बघितला नाही, हे मात्र कबूल करते.

टोपी दाबायचं दुकान रहीमचाचांचं. मशिदीच्या अलीकडच्या बोळात, दोन पायऱ्या चढून. त्यांच्याकडं डोक्याच्या आकाराचे पितळी साचे होते, खालचा आणि वरचा. निखाऱ्यावर तापवायचे, टोपी ओलसर करून मधे घालायची, वरचा साचा दाबला की चर्र आवाज आणि ओल्या लोकरीचा वास. टोपी बाहेर निघायची ती ताठ, गुळगुळीत. मग फणीनं गोंडा विंचरायचा. आणि शेवटी चाचा टोपी गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. समोर बसवून, दोन्ही हातांनी, स्वतः डोक्यावर ठेवत. ‘सीधे बैठो, मुन्शीजी. टेढे बैठे तो मेरा नाम खराब होता.’ अप्पा शाळेतल्या पोरासारखे ताठ बसायचे. दर आठवड्याला लाल टोपी दाबायच्या निमित्तानं अप्पा जायचे आणि तासतासभर बसायचे. दोघांचं एकच वेड, फेल्टचा रोवां, म्हणजे वरची लव, बोटानं उलटा-सुलटा करून बघायचा आणि ही सशाची की मेंढीची यावर भांडायचं. चाचा मला गोंड्याचे तुटके धागे द्यायचे, माझ्या सगळ्या बाहुल्यांचे केस त्या काळ्या रेशमाचे होते.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण आताच्या पोरांना ती कळायची नाही. तेव्हा बाप्या माणूस बोडक्या डोक्यानं बाहेर पडत नसे. टोपी नाही, फेटा नाही, म्हणजे घरात कुणीतरी गेलं. मातीला जाताना टोप्या काढायच्या, आणि दुखवटा सोडायच्या दिवशी सोयऱ्यांनी नवी टोपी आणून डोक्यावर घालायची, तोवर बोडकंच. त्यातून दाढी वाढलेली असली, खांद्यावर पंचा असला, की लोक वाटेतून बाजूला सरायचे, बोलायचे नाहीत, अडवायचे नाहीत. अप्पा अंघोळीहून तसेच अंगणात आले तर अव्वा भडकायची. ‘म्या जिती हाय न्हवं अजून? घाला आधी डोस्क्यावर कायतरी!’

मग ती दोन वाईट वर्षं आली. पांढरी गांधी टोपी दिसली की निजामाच्या माणसांची काठी बसायची, असे दिवस. कचेरीतून येताना अप्पा मान खाली घालून यायचे, घरी आले की आधी लाल टोपी खुंटीला लावायचे. एकदा सरकारी कामानं हद्दीपलीकडं बार्शीला गेले ते येताना एक काळी फेल्टची टोपी घेऊन आले. साधी, उभी, व्यापारी लोक घालतात तसली. त्यांनी आयुष्यात घेतलेली ती एकच नवी टोपी. प्रवासात चेपली होती म्हणून चाचांकडून दाबून घेतली, मी बरोबर होते. चाचांनी ती साच्यावर चढवली, दाबली, हातात धरून फिरवली. ‘ये कब पहनते, मुन्शीजी?’ अप्पा म्हणाले, ‘बघू. येळ आली की.’ चाचा हसले, ‘हौ, वक्त सबका आता.’ त्या टोपीला फळीवर जागा मिळाली नाही. फडक्यात गुंडाळून जोंधळ्याच्या कणगीत, वरच्या दाण्यांखाली ठेवली. ती कुठं आहे हे अप्पांना, अव्वाला आणि मला ठाऊक होतं.

वेळ आली ती अशी. सोलापूरच्या बाजूनं फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि चार दिवसांत सगळं उलटं झालं. आता लाल टोपी दिसली की लोक धावून जायला लागले. ज्यांनी काही केलं होतं ते कधीच पळाले होते, उरले ते चाचांसारखे. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. दवंडी फिरली की कचेरीतल्या सगळ्यांनी उद्या सकाळी नव्या साहेबांपुढं हजर व्हायचं. दुपारी आम्ही जेवून उठलो होतो, अव्वा खरकटं काढत होती, आणि मागच्या दारावर थाप पडली. चाचा होते. दाढी चार दिवसांची, खांद्यावर पंचा, आणि डोक्यावर नेहमीची लाल टोपी. धोतर ते पहिल्यापासूनच नेसायचे, आमच्याकडचे पुष्कळ मुसलमान नेसत. नुसत्या अंगावरून कुणी ओळखलं नसतं. ओळखण्यासारखी होती ती टोपी.

चाचा आत आले नाहीत, वट्ट्यावर बसले. म्हणाले, ‘मुन्शीजी, येडशी तक जाना है. आगे बेटी का गाव है, वहाँ पहुँचा तो बचा. वो काली टोपी देव. चार रोज के वास्ते.’ एवढंच. मागताना त्यांनी अप्पांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री होती. अव्वाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी कणगीकडं बघितलं आणि मग अप्पांकडं, आणि अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मान आपोआप खाली गेली. अप्पा म्हणाले, ‘ती... ती न्हाय आता, रहीमभाई. मेव्हण्याला दिली.’

अप्पा वाईट होते असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी त्यांनाही त्याच रस्त्यानं कचेरीत जायचं होतं, लाल टोपी घालून जाता येत नव्हतं, आणि बोडकं जायचं ही कल्पना त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. नोकरी जायची भीती होती, मार बसायची होती, आम्ही दोघी होतो. सगळी कारणं खरी आहेत. मी ती सत्तर वर्षं उलटीपालटी करून बघितलीत. आणि मी बारा वर्षांची होते, हेही एक कारण आहे, माझं. पण ‘अप्पा, कणगीत हाय की,’ एवढं म्हणायला वय लागत नाही.

अप्पांनाच ते सहन झालं नसावं. मला म्हणाले, ‘बाळे, फळीवरची राखाडी आण.’ येडशीच्या साहेबाची, सगळ्यांत लाडकी. मी आणली. खालचा तांब्या फळीवर गडगडला, त्याचा आवाज अजून येतो. अप्पांनी ती पुढं केली, ‘ही घ्या, रहीमभाई. माझी जीव की प्राण टोपी हाय.’ चाचांनी ती घेतली, सवयीनं रोव्यावरून बोट फिरवलं. धोतर, दाढी आणि त्यावर साहेबाची टोपी, असा माणूस वेशीपर्यंत तरी पोचला असता का! ते त्यांना कळलं, अप्पांनाही कळत होतं. चाचा म्हणाले, ‘नक्को मुन्शीजी. ये आपकु अच्छी लगती.’ राखाडी टोपी त्यांनी हळूच वट्ट्यावर ठेवली. मग आपली लाल टोपी काढून तिच्याशेजारी ठेवली. चाचांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा बघितलं, वरून सगळं पांढरं, आणि कपाळावर टोपीचा वळ. गावाच्या डोक्यांवर टोप्या ठेवणारा माणूस आमच्या मागच्या दारातून बोडका गेला.

चाचा बोळ ओलांडतायत तोवर शेजारच्या गंगाक्का धावत आल्या. पदर तोंडाला, डोळ्यांत पाणी तयार. ‘अगं बाई, काय झालं गं? कोन गेलं?’ आमच्या दारातून बोडका माणूस, दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा, खाली मान घालून चाललेला त्यांनी बघितला होता. ओळखलं नाही, पण बोडकं डोकं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. अव्वा म्हणाली, ‘कुनी न्हाय गेलं, गंगाक्का.’ ‘मग ते मानूस?’ ‘कुनी न्हाय म्हनलं न्हवं!’ अव्वा असं कधी कुणावर ओरडली नव्हती. गंगाक्का फुरंगटून गेल्या. अप्पा वट्ट्यावर त्या दोन टोप्यांशेजारी तसेच बसून राहिले. त्या रात्री आमच्याकडं चूल पेटली नाही. कुणी न मरता आम्ही सुतक पाळलं.

सकाळी अप्पांनी कणगीत हात घातला, काळी टोपी झटकली, घातली आणि कचेरीत गेले. नोकरी राहिली. चाचांची लाल टोपी अव्वानं उचलून पेटीत टाकली, ती पेटी पुढं माझ्याकडं आली. चाचांचं काय झालं ते पावसाळा सरून, हिवाळा जाऊन, पाडवा आला तरी कळलं नाही, आणि विचारायचं कुणाला? मग एक दिवस त्यांचं दुकान उघडं दिसलं. अप्पांनी कचेरीची वाट बदलली, वेशीकडून वळसा घालून जायला लागले. वळवाच्या पावसात काळी टोपी भिजून पार बसली, तेव्हा अव्वानं ती माझ्या हातात दिली. ‘जा, दाबून आन.’ तिच्या मनात काय होतं कोण जाणे.

चाचा वाळले होते. लाल टोप्या कुणी घालत नव्हतं, साचे थंड होते. मला बघून खुलले, ‘आ बेटी, इत्ती बडी हुई?’ मी टोपी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली आणि थांबले. स्वतःच्या हातानं दाबलेली टोपी, त्यांना दुसऱ्यांदा बघावी लागत नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘बेटी, मैं कैसे बचा मालूम? सर नंगा था ना. रस्ते में दो जगा लोगां लाठ्या लेके खडे थे. मेरे कु देखे और बाजू हो गए. समझे इसके घर में मय्यत हुई. एक बुढिया पानी पिलाई.’ ते हसले. मग टोपी साच्यावर चढवली आणि म्हणाले, ‘अब्बा कु बोल, खुद आव. सर देखे बगैर मैं टोपी नै देता.’

घरी येऊन मी निरोप सांगितला. अप्पा ‘बरं’ म्हणाले. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीत बोडके गेले आणि मग वर्षानुवर्षं बोडकेच राहिले. अव्वानं डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं. ‘म्या मेल्यावर फिरा तसं!’ पण ते तसेच कचेरीची वाट धरायचे. गावात म्हणायला लागले, पेशकार सुधारले, नव्या जमान्याचे झाले. फळीवरच्या टोप्यांना पुन्हा वाफ मिळाली नाही, पाला बदलला नाही, एकेक करत कसरीनं खाल्ल्या. अव्वाला तिचे तांबे परत मिळाले. ती ते घासून ठेवायची, आणि रिकाम्या फळीकडं बघून एखादे दिवशी म्हणायची, ‘साहेब गेले वाटतं सगळे.’ मी लग्न होऊन गेले. माहेरी आले की मुद्दाम त्या बोळातून जायची. काळी टोपी दुकानात साच्यावर बसलेली असायची, धूळ नसायची तिच्यावर.

अव्वा गेली तेव्हा मातीला निघताना सगळ्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. अप्पा तेवढे उभे राहिले, त्यांच्याकडं काढायला काही नव्हतं. दुखवटा सोडायच्या दिवशी घर सोयऱ्यांनी भरलं. मामा नवी पांढरी टोपी घेऊन पुढं आले आणि तेवढ्यात दारातून चाचा आले, काठी टेकत, नातवाचा हात धरून. काखेत फडक्यातली पुडी. कुणाला न विचारता अप्पांसमोर बसले, पुडी सोडली, काळी टोपी काढली. मामा बाजूला झाले. अप्पांचा चेहरा मी आयुष्यात विसरायची नाही. ते हलक्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाले, ‘ती कणगीत होती, रहीमभाई. त्या दिवशी घरातच होती.’ मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. चाचा म्हणाले, ‘मालूम है.’

मागं कुणीतरी म्हणालं, ‘बघा, पेशकारांनी त्या वेळी दिली व्हती, आज परत आनून घातली. ह्याला म्हनायचं मानूस!’ बायकांनी डोळे पुसले. गोष्ट तिथं जन्मली, भर दिवसा, माझ्या देखत. अप्पांनी वळून तोंड उघडलं, सांगायला, की असं नव्हतं. चाचांनी दोन्ही हातांनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि तशीच दाबून धरली. ‘सीधे बैठो, मुन्शीजी.’ अप्पा ताठ बसले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हलले नाहीत. आणि मीही बोलले नाही, दुसऱ्यांदा.

काल ओंकार विचारत होता, ‘आज्जी, पणजोबांची काळी टोपी कुठंय? दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या असत्या.’ ती त्यांच्याबरोबर गेली बाबा. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. अप्पांना भिंतीशी बसवलं तेव्हा टोपी मीच घातली. जरा तिरकी बसली होती. मी दोन्ही हातांनी सरळ केली.